संकेतस्थळावर आहे, पण वाचता येत नाही

मे २०२१ मध्ये देशभर एकच खटपट चालली होती, ती म्हणजे कोविन या सरकारी संकेतस्थळावर कोरोनाच्या लसीची वेळ मिळवायची. १८ ते ४४ या वयोगटाला १ मेपासून लस खुली झाली, पण केंद्रावर जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. केंद्रांच्या वेळा जाहीर व्हायच्या आणि काही मिनिटांत संपून जायच्या. ज्यांची नजर शाबूत आणि बोटं चपळ, त्यांचीही दमछाक होत होती. ज्यांना दिसत नाही, त्यांची शर्यत तर सुरूच होत नव्हती.

३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात एक आदेश दिला. त्यात कोविनमधल्या उणिवा एकेक करून मोजून दाखवल्या आहेत. चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायचा जो कॅप्चा, त्याला आवाजाचा पर्याय नाही. वयोगट, लसीचं नाव, मोफत की विकत अशा सात गाळण्या (फिल्टर) आहेत, पण त्या दृष्टिहीनांना वापरता येतील अशा बनवलेल्या नाहीत. नुसत्या कीबोर्डने पानावर फिरता येत नाही. वेळ निवडायला पुरेसा अवधी मिळत नाही, मध्येच लॉगआउट होण्याची भीती. आणि सगळ्यात बोलकी उणीव अशी, की किती जागा शिल्लक आहेत तो आकडा अंध व्यक्तीला कळत होता, पण त्या जागा कशाच्या, ते कळत नव्हतं. न्यायालयाने यावर उपायही सांगून टाकला: तक्त्यातल्या रकान्यांची शीर्षकं खालच्या घरांशी जोडा.

साथीच्या ऐन धामधुमीत देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला तक्त्याचे मथळे कसे बांधावेत हे सांगावं लागलं. हे काम खरं तर पहिल्या वर्षाच्या वेब डिझायनरचं.

तक्ता डोळ्यांनी पाहणारा माणूस नजर वर नेतो, तारीख बघतो. डावीकडे नेतो, केंद्राचं नाव बघतो. मग मधला '१२' त्याला अर्थपूर्ण होतो. तोच तक्ता ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त 'बारा' पडतं. बारा कुठले? कोणत्या तारखेचे? कोव्हॅक्सिन की कोविशिल्ड? पानामागच्या कोडमध्ये वरच्या ओळीला 'हे शीर्षक आहे' एवढी खूण केली, तर ऐकवणारा प्रोग्राम प्रत्येक आकड्याआधी तारीख आणि केंद्र उच्चारतो. तक्त्याचं रूप तसूभरही बदलत नाही आणि डोळसाला फरक कळतही नाही. सरकारी संकेतस्थळांच्या बाबतीतला बराचसा घोटाळा याच जागी आहे. जे चुकलेलं आहे ते दिसत नसल्यामुळे बैठकीत पडद्यावर संकेतस्थळ बघून मान डोलावणाऱ्या अधिकाऱ्याला ते चुकलंय हेच कळत नाही.

ऐकवणाऱ्या या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. तो पडद्याचं चित्र पाहत नाही, पानामागचा कोड वाचतो आणि तो कृत्रिम आवाजात बोलून दाखवतो किंवा ब्रेल पट्टीवर उमटवतो. विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला. पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याच्या साथीला आला. एनव्हीडीए फुकट आहे आणि त्यामुळे भारतात खूप वापरला जातो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो; तुमच्या हातातल्या फोनच्या सेटिंगमध्येही तो आहे, सुरू करून पाहायला हरकत नाही. सरावलेले वापरकर्ते त्याचा वेग इतका वाढवतात की शेजारच्या माणसाला नुसती गुणगुण ऐकू येते.

असा वापरकर्ता पान वरून खाली ओळीने ऐकत बसत नाही. 'एच' दाबला की तो एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जातो, 'के' दाबला की एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर, 'टी' दाबला की थेट तक्त्यावर. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, त्याचंच हे कानांनी केलेलं रूप. पण त्यासाठी मथळा हा खरोखर मथळा म्हणून नोंदवलेला हवा. संगणकावर अक्षरं ठळक आणि मोठी केली की ती डोळ्यांना मथळ्यासारखी दिसतात, कोडमध्ये मात्र तो साधा परिच्छेदच राहतो. मग 'एच' दाबून काहीच होत नाही, आणि अर्जाची शेवटची तारीख शोधणाऱ्याला बोधचिन्ह, मान्यवरांची नावं आणि मेनूतले चाळीस दुवे ऐकून संपवावे लागतात. दुव्यांचंही तसंच. वीस दुवे, आणि प्रत्येकाचं नाव 'येथे क्लिक करा'. एकामागून एक वीस वेळा 'येथे क्लिक करा' ऐकल्यावर कुठला दुवा घरकुल योजनेचा आणि कुठला पाणीपट्टीचा, हे ओळखायचं कसं? अर्जातल्या चौकटीला लेबल जोडलेलं नसेल तर स्क्रीन रीडर फक्त 'एडिट, रिकामं' एवढंच सांगतो. त्यात आडनाव टाकायचं की आधार क्रमांक, हा अंदाजाचा मामला.

चित्रांना पर्यायी मजकूर द्यावा, हा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. पण तो पाळताना गंमत होते. मागच्या नक्षीलाही 'नक्षी' असं नाव दिलं जातं, जे ऐकणाऱ्याच्या डोक्याला ताप (शोभेच्या चित्राला रिकामा पर्याय द्यायचा असतो, म्हणजे स्क्रीन रीडर ते गाळून पुढे जातो). आणि ज्या पोस्टरवर हेल्पलाइन क्रमांक, पात्रतेच्या अटी आणि मुदत सगळं रंगीत अक्षरांत लिहिलंय, त्याला पर्यायी मजकूर म्हणून 'बॅनर ३' असं ठेवून मोकळं होतात.

मराठी पानांची एक खास अडचण आहे. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा नोंदवायची असते, म्हणजे स्क्रीन रीडर योग्य भाषेचा आवाज निवडतो. मराठी पानावर भाषा 'इंग्रजी' अशी राहून गेली तर इंग्रजी आवाज देवनागरीपुढे गोंधळतो किंवा मजकूर चक्क गाळतो. 'हिंदी' राहिली तर लिपी तीच असल्यामुळे वाचन होतं, पण हिंदी वळणाने. 'चमचा' आणि 'चहा' यांतल्या 'च'चा फरक त्याला कुठून माहीत असणार? दोन अक्षरांची नोंद आहे ही. पण इंग्रजी साच्यावर मराठी मजकूर ओतून बनवलेल्या पानांवर ती हमखास विसरली जाते.

अंधांपुरतीच ही गोष्ट मर्यादित आहे असं समजणं चूक ठरेल. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या. तेव्हा वर्गवारी जुन्या, मोजक्या अपंगत्वांचीच होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती २१ प्रकारांपर्यंत वाढवली. ज्याचा हात थरथरतो, त्याला माउसने बारीक बटण पकडता येत नाही. तो टॅबची कळ दाबत पुढे सरकतो आणि आपण कुठल्या बटणावर आहोत हे दाखवणारी चौकट डिझायनरने 'कुरूप दिसते' म्हणून काढून टाकलेली असते. ज्याला रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्याच्यासाठी 'लाल रंगातले रकाने भरणे बंधनकारक' ही सूचना निरुपयोगी. कर्णबधिर व्यक्तीला मंत्रिमहोदयांच्या निवेदनाचा व्हिडिओ उपशीर्षकांशिवाय मूकपटासारखा. अपस्माराचा त्रास असलेल्या काहींना एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारं चित्र झटका आणू शकतं. अक्षर ओळखायला वेळ लागणाऱ्याला सरकती पट्टी नको असते, आणि सरकारी संकेतस्थळांना तर सरकत्या पट्टीचं आणि लुकलुकणाऱ्या 'नवीन' या शिक्क्याचं भलतंच वेड. पाच सेकंदांहून जास्त काळ हलणारा मजकूर वापरकर्त्याला थांबवता आला पाहिजे, असं प्रमाणकं सांगतात.

ही प्रमाणकं आहेत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची. त्यांची पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये आली, दुसरी डिसेंबर २००८ मध्ये, २.२ ही सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. त्यांत मोघम सद्भावना नाही, मोजता येतील असे आकडे आहेत. साधं अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान साडेचारास एक हवा. काळ्यावर पांढरं म्हणजे एकवीसास एक. पांढऱ्यावर फिकट राखाडी, जे हल्ली डिझायनरांना फार आवडतं, ते बरेचदा तिनास एकही भरत नाही. नव्या आवृत्तीत बोटाने दाबायच्या बटणाचा किमान आकारही ठरवून दिला आहे, आणि लॉगिन करताना कोडी सोडवायला किंवा पासवर्ड आठवायला लावूच नये, पर्याय द्यावा, असंही सांगितलं आहे.

पहिली आवृत्ती निघाली त्याच वर्षी तिची परीक्षाही झाली. ब्रूस मॅग्वायर हे अंध ऑस्ट्रेलियन गृहस्थ ब्रेल पट्टीवर इंटरनेट वाचत. २००० च्या सिडनी ऑलिंपिकचं संकेतस्थळ त्यांना वाचता येईना. चित्रांना मजकूर नव्हता, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीपर्यंत पोचता येत नव्हतं, निकालांचे तक्ते उलगडत नव्हते. जून १९९९ मध्ये त्यांनी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. संयोजन समितीचं म्हणणं असं, की दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ आणि वीस लाख डॉलरहून जास्त खर्च येईल. मॅग्वायर यांच्या बाजूच्या तज्ज्ञांनी तेच काम छोट्या चमूने काही आठवड्यांत होईल असा हिशेब मांडला. ऑगस्ट २००० मध्ये आयोगाने समितीविरुद्ध निर्णय दिला आणि खेळ सुरू होईपर्यंत सुधारणा करायला सांगितलं. त्या पुरत्या झाल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये समितीला वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. रक्कम किरकोळ होती, पण कोणत्याही संस्थेला संकेतस्थळाबद्दल जाब विचारता येतो हे जगाला तेव्हा कळलं.

कॅनडातलं डोना जोधन यांचं प्रकरण सरकारी कार्यालयांनी जास्त लक्षपूर्वक वाचावं असं आहे. टोरांटोच्या या अंध सल्लागार बाईंना सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येईना, २००६ ची जनगणना ऑनलाइन भरता येईना. सरकारचा बचाव आपल्याकडे रोज ऐकू येतो तोच होता: फोन करता येतो, टपालाने मागवता येतं, कार्यालयात या, आमचे कर्मचारी मदत करतील. नोव्हेंबर २०१० मध्ये संघीय न्यायालयाने हा बचाव फेटाळला. इतर नागरिक मध्यरात्री घरबसल्या, कुणाला काही न सांगता जे करू शकतात, ते अंध व्यक्तीने दुसऱ्यावर विसंबून, कार्यालयाच्या वेळेत करावं, याला समान वागणूक म्हणत नाहीत. विशेष म्हणजे कॅनडा सरकारचे स्वतःचे सुगमतेचे, म्हणजे संकेतस्थळ सर्वांना वापरता यावं यासाठीचे, नियम तेव्हा अस्तित्वात होते; विभाग ते पाळत नव्हते, एवढंच. २०१२ मध्ये अपिलातही समानतेच्या हक्काचा भंग झाल्याचा निष्कर्ष टिकला.

नियम आहेत, पाळले जात नाहीत. हे वाक्य आपल्याकडे भाषांतर न करता लागू पडतं.

भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली. तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झालं, त्यात इमारती आणि वाहतुकीबरोबर संकेतस्थळंही होती. २०१६ च्या कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सुगम असणं हा हक्क मानला आणि भंगाला दंडही ठेवला: पहिल्यांदा दहा हजार रुपयांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख. २०१७ च्या नियमांनी सरकारी मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं. अडचण अशी, की मार्गदर्शक तत्त्वं ही शिफारस असते. कायदा म्हणतो 'करायलाच हवं', नियम म्हणतो 'केलं तर बरं'. दिव्यांगांच्या सुगमतेसाठी राजीव रतुरी यांनी केलेल्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवलं आणि तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला. सरकारने तीन महिन्यांत बंधनकारक किमान निकष आखावेत असं सांगितलं. ही याचिका मुळात २००५ ची.

लगेच पुढच्या वर्षी, ३० एप्रिल २०२५ रोजी, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठापुढे प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणाचा निकाल लागला. त्या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. बँकेच्या डिजिटल केवायसीमध्ये माणूस जिवंत आहे याची खात्री करायला कॅमेऱ्यासमोर पापण्या लवायला सांगतात आणि त्यांना ते शक्य नव्हतं. त्यांच्याबरोबर एका अंध वकिलाची याचिकाही होती. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्यांत पापण्या लवण्याला पर्याय आहे, प्रत्येक विभागात जबाबदार अधिकारी आहे, ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून सुगमतेची तपासणी आहे, आणि नवी सुविधा आणण्याआधीच्या चाचणीत अंध वापरकर्त्यांना सामील करून घेण्याची सूचनाही आहे.

कायद्याची बाजू आता पुष्कळ भक्कम झाली. मग घोडं अडतं कुठे?

पहिला संशय साहजिकच संकेतस्थळ बांधणाऱ्या कंत्राटदारावर जातो, आणि तो अगदीच खोटा नसतो. निविदेत 'संकेतस्थळ मार्गदर्शक तत्त्वांनुसार असावे' अशी एक ओळ असते. ते तसं आहे की नाही हे कोण, कशाने आणि कुणाला सोबत घेऊन तपासणार, याबद्दल मौन. पण साचा चांगला बांधणं ही आता फारशी अवघड गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी कार्यालयांसाठी सुगमता आधीच गृहीत धरून तयार चौकट बनवली आहे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांची संकेतस्थळं त्याच चौकटीवर उभी आहेत. केंद्र सरकारचं एसटीक्यूसी हे संचालनालय संकेतस्थळ तपासून प्रमाणपत्रही देतं. उद्घाटनाच्या दिवशी सगळं ठाकठीक असू शकतं.

बिघडतं दुसऱ्या दिवसापासून. कारण संकेतस्थळ एकदा बांधलं जातं, पण त्यावर फाइल रोज चढते, आणि ती चढवणारा माणूस कंत्राटदार नसतो, कार्यालयातला कारकून किंवा डाटा एंट्री ऑपरेटर असतो. भरतीची जाहिरात, पात्र-अपात्र उमेदवारांची यादी, टंचाईचं परिपत्रक, निविदा सूचना यांचा प्रवास ठरलेला आहे. संगणकावर मजकूर टाइप होतो. त्याची प्रिंट निघते. साहेबांची सही होते, गोल शिक्का उमटतो, जावक क्रमांक पडतो. मग तो कागद स्कॅनरवर, बऱ्याचदा जरासा तिरका, ठेवला जातो आणि त्याची पीडीएफ 'स्कॅन००४७' या नावाने संकेतस्थळावर जाते. टाइप केलेला मजकूर या प्रवासात मजकूर राहिलेलाच नसतो. त्याचा फोटो होतो. स्क्रीन रीडर त्या फाइलपुढे गप्प बसतो किंवा 'रिकामं पान' म्हणतो. भुकेल्या माणसापुढे ताटाचा फोटो ठेवावा, तसं हे. यादीत स्वतःचं नाव शोधणाऱ्या डोळस उमेदवाराचंही नुकसानच: त्या फाइलमध्ये शोध चालत नाही, तेराशे नावं डोळ्यांनी चाळावी लागतात.

फोटोतून अक्षरं परत काढणारे ओसीआर प्रोग्राम आता मराठीसाठीही आहेत. स्वच्छ छापील पानावर ते बरे चालतात. तिरका कागद, अक्षरांवर बसलेला शिक्का आणि दहा रकान्यांचा तक्ता एकत्र आले की काना-मात्रा इकडच्या तिकडे होतात. एखाद्या कादंबरीत हे खपून जाईल, उत्पन्नमर्यादेच्या आकड्यात नाही.

जुन्या फॉन्टची कथा आणखी वेगळी. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून काम भागवत. डोळ्यांना सुरेख मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी मात्र तो इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला असतो. स्क्रीन रीडर तो काला निष्ठेने वाचून दाखवतो. अशा फाइली जुन्या सवयीने अजूनही बनतात, कारण कीबोर्डवर बोटं त्याच मांडणीला बसलेली. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफही शंभर टक्के निर्धोक नसतात. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी यांचा क्रम आत विस्कटू शकतो. म्हणूनच ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने विभागांना पीडीएफऐवजी मजकूर थेट वेबपानावरच टाका असा आग्रह धरला. वेबपान मोबाइलवरही नीट वाचता येतं, ही बाकीच्यांना पदरात पडणारी सोय.

'पण सही-शिक्का नको का?' हा प्रश्न कार्यालयात लगेच येतो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तरही महाराष्ट्राच्याच मंत्रालयात सापडतं. राज्याचे शासन निर्णय गेली कित्येक वर्षं डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होऊन निघतात आणि प्रत्येकाच्या शेवटी संकेतांकासह तसं नमूदही असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिलेलीच आहे. जे मंत्रालयात जमतं ते तहसील कचेरीत का जमू नये? आणि डिजिटल स्वाक्षरी नसेल तिथेही सोपी वाट आहे: सहीची स्कॅन प्रत हवी तर ठेवा, पण शेजारी मूळ टाइप केलेली फाइल, किंवा निदान तिच्यातून थेट काढलेली पीडीएफ ठेवा. 'फाइल'मधून 'सेव्ह ॲज' करायला स्कॅनरपेक्षा कमी वेळ लागतो.

एवढं सोपं काम सोडून पैसे भलतीकडे जातात. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं निळं चिन्ह. ते दाबलं की अक्षरं मोठी, रंग उलटे, कर्सर जाडा, 'मजकूर ऐका' अशी पाटी उघडते. पानावर चिकटवलेली ही तयार यंत्रणा बघायला प्रभावी असते आणि उद्घाटनाच्या फोटोत छान येते. पण अक्षर मोठं करण्याची सोय ब्राउझरमध्ये आहेच, आणि अंध वापरकर्त्याकडे त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर असतो; त्याला दुसरा नको असतो, पान दुरुस्त हवं असतं. बिनलेबलाची चौकट या पाटीने लेबलासह होत नाही, स्कॅन केलेली यादी बोलू लागत नाही. अमेरिकेत अशीच यंत्रणा विकणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीने 'आमचं उत्पादन लावा, संकेतस्थळ आपोआप निकषांत बसेल' असे दावे केले होते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ते दिशाभूल करणारे ठरवले आणि २०२५ मध्ये कंपनीला दहा लाख डॉलर मोजावे लागले.

आपोआप तपासणाऱ्या साधनांचीही मर्यादा ओळखायला हवी, पण ती उपयोगी आहेत. वेबएम ही अमेरिकी संस्था दर वर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ मध्ये ९४.८ टक्के मुखपृष्ठांवर चुका सापडल्या. वर्षानुवर्षं चुकांची यादी तीच: फिकट अक्षरं, बिनमजकुराची चित्रं, बिनलेबलाच्या चौकटी, रिकामे दुवे, रिकामी बटणं, न नोंदवलेली भाषा. सापडणाऱ्या चुकांपैकी सुमारे ९६ टक्के या सहांतच मोडतात. यातली एकही दुरुस्त करायला संशोधनाची गरज नाही. यंत्राला जे कळत नाही ते म्हणजे 'बॅनर ३' हा पर्यायी मजकूर निरर्थक आहे. त्याच्या लेखी मजकूर आहे, म्हणजे उत्तीर्ण. ते कळायला माणूस लागतो, आणि शक्यतो स्क्रीन रीडर रोज वापरणारा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून आहे. राज्यात अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि संगणक सराईतपणे वापरणारे अंध पदवीधर आहेत. संकेतस्थळ स्वीकारण्याआधी त्यांच्यापैकी चौघांना मानधन देऊन 'हा अर्ज भरून दाखवा' म्हटलं, तर एका दुपारी जे समजेल ते शंभर पानी अहवालात मिळणार नाही. निविदेत घालावी अशी अट असेल तर ही. अधिकाऱ्याला स्वतःला करता येईल अशीही एक चाचणी आहे: माउस बाजूला काढून ठेवायचा आणि नुसत्या कीबोर्डने आपल्याच विभागाचा अर्ज शेवटपर्यंत भरून बघायचा.

ब्रिटनने या सगळ्यात आणलेली एक सुधारणा लगेच उचलण्याजोगी आहे. तिथे २०१८ च्या नियमांनुसार प्रत्येक सार्वजनिक संस्थेला संकेतस्थळावर निवेदन द्यावं लागतं. 'आमचं संकेतस्थळ सर्वांसाठी सुगम आहे' छापाची फुशारकी तिथे चालत नाही. कोणता भाग कुणाला वापरता येत नाही, का येत नाही, तोपर्यंत तीच माहिती दुसऱ्या रूपात कुणाकडे मागायची आणि उत्तर समाधानकारक नसेल तर वर कुठे जायचं, हे लिहावं लागतं. जुन्या सगळ्या पीडीएफ बदलत बसा असंही तो कायदा म्हणत नाही. सप्टेंबर २०१८ आधीच्या फाइली, एखाद्या चालू सेवेसाठी लागत नसतील तर, सोडून दिल्या आहेत. वीस वर्षांचं दप्तर एकदम नीट करायचं म्हटलं की कार्यालय हात टेकतं आणि आजची फाइलही तशीच चढवतं. आजपासूनची प्रत्येक फाइल नीट, आणि जुन्यांपैकी जी मागितली जाईल ती, हे जमण्यासारखं आहे.

वाचकांपैकी कुणाला एखादं सरकारी पान वापरता येत नसेल, तर तक्रार जरूर करावी. तीत पानाचा पत्ता, स्क्रीन रीडरचं आणि ब्राउझरचं नाव, आणि नेमकं कुठल्या टप्प्यावर अडलं, एवढं लिहावं. ती आधी त्या विभागाकडे पाठवावी. तिथे दाद लागली नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. दिव्यांगांच्या हक्कभंगाची चौकशी करून संबंधित कार्यालयाला शिफारस करण्याचा अधिकार २०१६ च्या कायद्याने त्यांना दिला आहे, आणि शिफारस मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत केलेली कारवाई त्या कार्यालयाने आयुक्तांना कळवायची असते.